शेजारच्या गुजराती घरात मूल कसं वाढतं: फोई, मोसाळ आणि पाच दिवस बिनमिठाचं ताट

आषाढी एकादशीला मराठी घरात साबुदाणा भिजतो. त्याच दिवशी घाटकोपर, मुलुंड, कांदिवलीच्या गुजराती सोसायट्यांत आणि सगळ्या गुजरातेत सहा-सात वर्षांच्या मुली नवे कपडे घालून, हातात कोवळ्या गव्हांकुरांचं पात्र घेऊन देवळाकडे निघालेल्या दिसतात. पुढचे पाच दिवस त्या मीठ खात नाहीत. डबा वेगळा, वाढदिवसाचा केक नको, वेफर्स नकोत. शाळेतल्या मैत्रिणींना कोडं पडतं आणि शेजारच्या आयांना काळजी वाटते. सव्वा महिन्यानं त्याच घरात एक अख्खा दिवस गॅस पेटत नाही. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे कुणीतरी मीठ विकत घेतं.

सुटंसुटं पाहिलं तर हे सगळं विचित्र वाटतं. पण यामागे एक साधी व्यवस्था आहे. परंपरा मुलाला सांगून शिकवत नाहीत, प्रत्येकाला काम नेमून देतात. आधी नातेवाईक मुलासाठी कामं करतात, मग मूल स्वतः काम करतं.

## आधी दोन माणसं ओळखून घ्या

फोई म्हणजे वडिलांची बहीण, आपली आत्या. मोसाळ म्हणजे आईचं माहेर, आपलं आजोळ. लग्नघरात पत्रिका कोण वाटणार, पंगत कोण वाढणार हे जसं आधीच ठरलेलं असतं, तसंच मुलाच्या पहिल्या काही वर्षांतलं जवळजवळ प्रत्येक काम या दोघांपैकी एकाकडे असतं.

फोईचं काम मूल जन्मायच्या आधीच सुरू होतं. पाचव्या महिन्यात ती भावजयीच्या हाताला राखडी, म्हणजे राखीसारखा धागा, बांधते. सातव्या महिन्यात सीमंत होतं, म्हणजे ओटीभरण, आणि त्यानंतर पहिल्या बाळंतपणासाठी सून माहेरी जाते. बाळाला घेऊन ती परतते तेव्हा मोसाळाकडून कपडे, खेळणी आणि घोडियुं येतं. घोडियुं म्हणजे दोन्ही टोकांना उभे पाय, वर आडवा दांडा आणि त्याला टांगलेली कापडाची झोळी. छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या संखेड्याची लाखेच्या रंगातली घोडियां प्रसिद्ध आहेत. सगळे भाग सुटे होतात, म्हणून एकच घोडियुं मावस-मामे भावंडांच्या घरी फिरत राहतं. वापरण्याआधी दोन गोष्टी हातानं तपासाव्यात. दांडा खाचेत पूर्ण बसला आहे ना, आणि झोळीचं कापड शिवणीपाशी विरलेलं नाही ना. जुन्या घोडियातली बहुतेक पडझड या दोन जागी होते.

मोसाळाचं मोठं काम पुढे लग्नात येतं. त्याला मामेरुं म्हणतात: मामा कपडे, दागिने, भेटी घेऊन वाजतगाजत येतो. ही कल्पना इतकी खोल रुजलेली आहे की अहमदाबादेत 1878 पासून निघणाऱ्या जगन्नाथाच्या रथयात्रेतही सरसपूर हे देवाचं मोसाळ मानलं जातं. रथ तिथे थांबतात, देवाला मामेरुं अर्पण होतं आणि भाविकांना जेवू घातलं जातं.

## सहाव्या रात्री कोरा कागद कशाला?

जन्मानंतर सहाव्या रात्री छठी असते. लाकडी बाजोटावर (आपला चौरंग) पांढरं कापड, त्यावर तुपाचा दिवा, तांदूळ, नाणं, एक कोरा कागद आणि लाल शाईचं पेन. बाळाला पांढरं झबलं घालून पाया पडवतात. रात्री विधाता येऊन बाळाचं नशीब लिहितो अशी श्रद्धा आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही पाचवी-सहावीला सटवाई येऊन कपाळावर अक्षर लिहिते, तिच्यासाठी कागद-लेखणी ठेवतात. फरक पडतो तो पुढे, नाव ठेवताना.

## सगळ्यांची नावं ‘ह’ किंवा ‘ज’नं का सुरू होतात?

कारण अक्षर चंद्रराशीवरून ठरतं. कर्क राशीला ड आणि ह. म्हणून हेतल, हिरल, हार्दिक. मकरेला ख आणि ज. म्हणून जिगर, जिग्नेश. धनु राशीला भ, ध, फ, ढ. म्हणून भाविक, धवल, फाल्गुनी. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. त्या सव्वादोन दिवसांत जन्मलेल्या सगळ्या बाळांच्या वाट्याला तीच दोन-चार अक्षरं येतात.

मराठी पंचांगात नक्षत्राच्या चरणानुसार अक्षर मिळतं: 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, एकूण 108. पण ते नावरसनाव बहुधा पत्रिकेतच राहतं आणि व्यवहारातलं नाव आपल्या आवडीचं असतं. गुजराती घरात राशीचं अक्षर थेट शाळेच्या हजेरीपटावर जातं.

नाव ठेवते फोई. एका कापडाचे चार कोपरे घरातली चार मुलं धरतात, मध्ये बाळ, सोबत पिंपळाची पानं, सुपारी, नाणं. मग ‘ओळी झोळी पीपळ पान, फोईए पाड्युं’ (फोईनं ठेवलं) म्हणत हलके झोके देतात आणि पुढे नाव घेतात. कोपरे धरणारी मुलं आठ-दहा वर्षांची तरी असावीत, आणि कापडाखाली एका मोठ्या माणसानं हात ठेवावा. बाळाची मान अजून धरलेली नसते. झोळी एका बाजूला खचली की मान वळते, म्हणून कापड सैल सोडू नये आणि बाळाचं डोकं मोठ्या माणसाच्या बाजूला असावं.

आपल्याकडे आत्या पाळण्यात वाकून कानात नाव सांगते. म्हणजे अधिकार दोन्हीकडे तिचाच.

पुढे बाबरी उतरवताना, म्हणजे जावळ काढताना, केस झेलायचं कामही फोईचंच. त्यासाठी मेहसाणा जिल्ह्यातल्या बहुचराजीला जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत.

## मोळाकत: मुलीचं पहिलं स्वतःचं काम

इथपर्यंत मूल निमूट बसलेलं होतं. पाच-सहा वर्षांची झाल्यावर मुलगी मोळाकत करते. याचंच दुसरं नाव गौरीव्रत. गुजरातीत मोळुं म्हणजे अळणी. आषाढ शुद्ध एकादशी ते पौर्णिमा असे पाच दिवस, सलग पाच वर्षं, आणि पाचव्या वर्षी पाच मुलींना जेवू घालून उजवणं, म्हणजे उद्यापन. त्यानंतर मोठ्या मुली जयापार्वतीचं व्रत घेतात. ते आषाढ शुद्ध त्रयोदशीला सुरू होतं आणि वद्य तृतीयेपर्यंत चालतं. दोन्हींचे दिवस एकमेकांत मिसळतात, म्हणून बाहेरच्यांचा गोंधळ होतो.

व्रताचा गाभा जवारा आहे, म्हणजे पात्रात उगवलेले अंकुर. एकादशीला ते चार-पाच बोटं उंच हवेत, म्हणून पेरणी साधारण पाच ते सात दिवस आधी करावी लागते. सहा इंच रुंद, दोन-तीन इंच खोल मातीचं पात्र किंवा बांबूची टोपली घ्या. टोपली असेल तर तळाला पान अंथरा. दोन भाग चाळलेली माती आणि एक भाग वाळलेलं शेणखत पुरतं. गहू रात्रभर, आठ ते बारा तास भिजवून, निथळून, मातीवर एकाला एक लागतील इतके दाट पसरा आणि वर अर्धं बोट माती टाका.

परंपरेनं सात धान्यं असतात: गहू, जव, तीळ, मूग, तूर, चवळी आणि तांदूळ. घरोघरी चुकतं ते इथे. डब्यातला पांढरा तांदूळ उगवत नाही, कारण गिरणीत त्याचा कोंब निघून गेलेला असतो; साळ, म्हणजे टरफलासकट भात, हवा. तूरडाळ उगवत नाही, अख्खी तूर हवी. सोललेले चकचकीत जवही तसेच निरुपयोगी. तीळ खोल पुरले तर वर येत नाहीत, ते शेवटी नुसते भुरभुरावेत. मूग दुसऱ्या दिवशी फुटतात, गहू दोन-तीन दिवसांत, तूर मागे राहते. म्हणून पात्र एकसारखं हिरवंगार दिसावं अशी अपेक्षा असेल तर गहू जास्त आणि बाकीची धान्यं चिमूटभर, हे प्रमाण बरं.

दुसरी चूक पाण्याची. आषाढात हवा आधीच दमट असते. त्यात मुलगी प्रेमानं दिवसातून चार वेळा पाणी घालते आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसते. सकाळ-संध्याकाळ हातानं शिंपडा, बस. माती ओली हवी, चिखल नको. बुरशी धरलीच तर तेवढा भाग चमच्यानं काढून पात्र वाऱ्याला ठेवा. पहिले दोन दिवस झाकून ठेवलं तर कोंब लवकर वर येतात, पण त्यानंतरही अंधारात राहिले तर पिवळट आणि लुसलुशीत होऊन लोळतात. खिडकीतला उजेड मिळाला की एका दिवसात हिरवे होतात. काही घरांना पिवळा जवाराच आवडतो, तो मुद्दाम अंधारात वाढवतात.

पूजेच्या वेळी कापसाची वात लांबवून तिला ठरावीक अंतरावर कुंकवाचे ठिपके देतात. ही माळ म्हणजे नागला. जवाऱ्याला नागला, हळदकुंकू, दिवा, एवढीच पूजा. माती चाळण्यापासून नागला वळण्यापर्यंत सगळं सहा वर्षांच्या हाताला जमतं, आणि ते तिनंच करायचं असतं. आईनं तयार पात्र आणून दिलं तर व्रतात फक्त पथ्य उरतं.

## ताटात काय असतं?

भाखरी (तुपाचं मोहन घालून कडक भाजलेली गव्हाची गुजराती भाकरी), दूध, तूप, गूळ, शिरा, सुखडी, फळं, सुकामेवा. बऱ्याच घरांत दिवसातून एकदा बसून जेवण आणि बाकी वेळ दूध-फळं.

सुखडीचं प्रमाण सोपं आहे: एक वाटी कणीक, अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी किसलेला गूळ. कणीक तुपात मंद आचेवर बदामी होईतो भाजा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग गूळ घाला. पेटत्या गॅसवर गूळ घातला की त्याचा पाक होतो आणि वडी दगडासारखी होते. दुधाचे दात हलत असलेल्या मुलीला ती चावत नाही.

मीठ लपलेलं असतं ते बाजारच्या पदार्थांत. पाव, बिस्किटं, खारी, चीज, पिवळं बटर, कॉर्नफ्लेक्स या सगळ्यांत ते असतंच. म्हणून आषाढात फरसाणवाले मोळी वेफर आणि मोळा चिवडा वेगळा ठेवतात. शाळेच्या डब्यासाठी तूपगूळ लावलेली भाखरी, केळं आणि भाजलेले मखाणे पुरेसे होतात, फक्त मखाणे मसाल्याचे नकोत.

## ‘वाढत्या मुलीचं मीठ तोडणं धोक्याचं नाही का?’

प्रश्न रास्त आहे. निरोगी मुलीला पाच दिवस वरचं मीठ न मिळाल्यानं सहसा अपाय होत नाही, कारण शरीराला लागणारं सोडियम अन्नातही असतं. अर्धा लिटर दुधातच दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. खरा त्रास वेगळा असतो. ताट गोडाधोडाचं आणि तुपाचं असतं, भाज्या कमी होतात आणि तिसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही. पपई, पेरू, काकडी, बिनमिठाची उकडलेली दुधी दिली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

काही मुलींनी मात्र हे व्रत करू नये. मधुमेह असेल तर हे ताट साखर वाढवतं. किडनीचा किंवा किडनीवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचा आजार असेल तर मीठ हे औषधाइतकं आवश्यक असू शकतं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ बंद करूच नये. आणि पाच दिवसांत उलटी-जुलाब सुरू झाले तर व्रत त्याच क्षणी थांबवून ओआरएस द्यायचं. त्यात मीठ असतं आणि ते असायलाच हवं. ‘दोनच दिवस राहिलेत, पूर्ण होऊ दे’ हे वाक्य अशा वेळी घरात कुणीही उच्चारू नये.

शेवटच्या रात्री जागरण असतं. सकाळी जवारा पाण्यात सोडतात आणि मग मिठाचं जेवण. पाच दिवसांनंतर थेट तिखट भेळ-पाणीपुरी खाल्ली की पोटात आग होते. आधी मूगडाळीची खिचडी आणि दही द्यावं. विसर्जनाला नदी नसेल तर बादली चालते. कृत्रिम धागे, टिकल्या काढून उरलेली माती कुंडीत टाका. बुरशी न धरलेले अंकुर गाईला घालता येतात. बुरशीचे घालू नयेत.

## ‘पण हे फक्त मुलींनाच का?’

कारण व्रताचा मूळ संकल्प चांगला नवरा मिळावा हा आहे. तो लपवण्यात अर्थ नाही, आणि आपल्या हरितालिकेचा संकल्पही तोच असल्यामुळे मराठी माणसानं बोट दाखवण्यातही अर्थ नाही. मुलग्यांना याच्या जोडीचं व्रत नाही. सहा वर्षांच्या मुलीला नवऱ्यासाठी उपास करायला सांगणं मला पटत नाही. पण बी भिजवणं, उगवण्याची वाट पाहणं, पाच दिवस स्वतःच्या जिभेवर ताबा ठेवणं, मैत्रिणींबरोबर रात्र जागवणं, हे सगळं कुणाच्याही नवऱ्याशिवाय मोलाचं आहे. मुलीला काय मागायचं ते तिलाच ठरवू द्यावं आणि पात्र भावाच्या हातातही द्यावं.

तिला नको असेल तर? पाच वर्षांचा नेम आहे, त्यामुळे सुरुवातीलाच विचारावं. मधल्या वर्षी बंद पडलं म्हणून अमंगळ होईल अशी भीती मुलीच्या डोक्यात घालू नये.

## ज्या दिवशी गॅस पेटत नाही

श्रावण वद्य षष्ठी म्हणजे रांधण छठ, त्या दिवशी रांधायचं. दुसऱ्या दिवशी शीतळा सातम, त्या दिवशी थंडच खायचं आणि थंड पाण्यानं अंघोळ करायची. षष्ठीच्या रात्री शेगडी धुऊन, पुसून, थंड झाल्यावर तिला कुंकू-अक्षता, नागला वाहतात. कथा अशी, की एका सुनेच्या हातून चुलीत विस्तव राहतो. गारव्यासाठी चुलीत लोळायला आलेली देवी भाजते आणि सुनेचं मूल जळून जातं. पुढे ती रानात भेटलेल्या म्हातारीच्या डोक्यातल्या उवा काढून सेवा करते, तेव्हा मूल परत मिळतं. म्हातारी म्हणजेच शीतळा, देवीच्या रोगाची देवता. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला आणि 1980 मध्ये रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, सातम राहिली. बाळं दगावायची त्या काळाची ही आठवण आहे.

मुलांसाठी ही षष्ठीची रात्र मजेची असते, कारण स्वयंपाकघरात सगळ्यांना काम असतं: ठेपले लाटणं, बाजरीचे वडे थापणं, सुखडी कापणं. टिकण्याचं गणित पाण्याचं आहे. पदार्थात ओल जितकी कमी तितका तो टिकतो. ठेपल्याचं पीठ त्या रात्री दह्याऐवजी पाण्यात, मोहन थोडं जास्त घालून भिजवावं, कारण दह्याचा ठेपला पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस लागतो. गरम ठेपले एकावर एक रचून डबा बंद केला की वाफ पाणी होऊन खालचे चिकटतात. एकेक पसरून पूर्ण गार करावेत. बटाट्याची भाजी फ्रीजमध्येच.

तान्ह्या बाळाला आणि आजाऱ्याला हा नियम लावायचा नाही. वरचं दूध पिणाऱ्या बाळाचं पाणी त्या दिवशीही ताजं उकळावं.

## तारखा का जुळत नाहीत?

महिने दोघांचेही अमावास्येला संपतात, तरी नागपंचमी आपल्याकडे श्रावण शुद्ध पंचमीला आणि गुजरातेत नागपांचम वद्य पंचमीला, म्हणजे पंधरा दिवसांनी. नवं वर्ष आपलं चैत्रात, त्यांचं कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या दिवाळी पाडव्याच्याच दिवशी. विक्रम संवत 2082 असं 22 ऑक्टोबर 2025 ला सुरू झालं. त्या पहाटे शुभ म्हणून मीठ घेतात, त्याला सबरस म्हणतात. मुलं नवे कपडे घालून घरोघरी ‘साल मुबारक’ करत मोठ्यांच्या पाया पडतात आणि नोटा खिशात घालतात.

## सगळे गुजराती हे करतात?

नाही. वर लिहिलं ते मुख्यतः हिंदू घरांचं, आणि त्यातही जातीनुसार, गावानुसार तपशील बदलतो. काटेकोर जैन घरात शिळं अन्न निषिद्ध असल्यामुळे शीतळा सातम नसते. तिथे मूल चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणं, आणि पर्युषण शिकतं. गुजराती बोलणारी पारशी, बोहरी, खोजा मुलं आणखी वेगळं.

## घरात एक पालक मराठी असेल तर

वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मुंबईतल्या नव्या जोडप्यांना मात्र बारशाच्या आठवड्यात अडचणी कळतात. नावाचा मान दोन्ही रीतींत वडिलांच्या बहिणीचा, त्यामुळे तिथे भांडण नाही. भांडण होतं ते राशीच्या अक्षरावरून. ते आधी बोलून घ्यावं.

कागदपत्रांत सावध राहावं. गुजरातेत वडिलांचं नाव पुष्कळदा ‘रमेशभाई’ असं भाई जोडूनच नोंदलेलं असतं, आईच्या नावाला ‘बेन’. जन्मदाखल्यावर ‘रमेशभाई’, आधारवर ‘रमेश’ आणि शाळेत तिसरंच असं झालं की पासपोर्टच्या वेळी खेटे घालावे लागतात. जन्माची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते आणि तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. 12 महिन्यांपर्यंत ते शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे फोई अमेरिकेतून यायची असेल तरी तिची वाट पाहायला वेळ आहे. नोंद करायला जाताना आई-वडिलांची नावं त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर किंवा आधारवर आहेत तशीच, अक्षरन्‌अक्षर लिहून न्यावीत.